मराठी चित्रपुस्तके

चित्रपुस्तक म्हणजे ज्यात शब्द आणि चित्रे मिळून गोष्ट सांगतात असे, प्रामुख्याने लहान मुलांसाठी केलेले पुस्तक होय. सचित्र पुस्तकाहून ते वेगळे असते. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी कथा शिल्लक राहते. चित्रपुस्तकातील कथा मात्र त्यामुळे अपुरी पडते. काही चित्रपुस्तकांत तर मजकूर मुळीच नसतो. मराठीत सचित्र बालपुस्तकांची परंपरा जुनी असली, तरी चित्रपुस्तक हा प्रकार त्या मानाने उशिरा रुजला. कल्पकता आणि सहकार्य हे जगभरच्या चित्रपुस्तकांचे आवडते विषय असून मराठीतही ते वेगवेगळ्या रूपांत आढळतात.

पार्श्वभूमी

मुलांसाठी चित्रांचा पद्धतशीर उपयोग करणारे आरंभीचे प्रसिद्ध पुस्तक म्हणून कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाच्या ‘ऑर्बिस पिक्टस’चा (१६५८) उल्लेख केला जातो. मराठीत ‘बालबोधमेवा’ (१८७३) आणि वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेले ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी बालवाचक घडवला. मात्र त्यांत मुख्य स्थान मजकुराचे होते. पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजेच बालभारतीच्या, ‘किशोर’ने (१९७१) चित्रकारांना मासिकाच्या पानांवर अधिक मोकळी जागा दिली.

मोठ्या आकाराच्या रंगीत चित्रपुस्तकांशी मराठी मुलांचा परिचय बऱ्याच अंशी अनुवादांतून झाला. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची मराठी पुस्तके स्वस्त असत व महाराष्ट्रात लोकवाङ्मय गृहामार्फत मिळत. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर हा ओघ आटला. नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला आणि पुढे चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्वैभाषिक पुस्तके याच वाटेने मराठीत आली.

अशा बहुभाषी प्रकाशनामागे छपाईचे साधे गणित असते. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार पट्ट्या लागतात. मजकूर केवळ काळ्या रंगात ठेवला, तर भाषा बदलताना एकच पट्टी बदलावी लागते आणि चित्रांचा खर्च अनेक भाषांत वाटला जातो. त्याची किंमत अनुवादकाला मोजावी लागते, कारण चित्राशेजारी सोडलेल्या जागेतच त्याला आपले वाक्य बसवावे लागते.

सहकार्याचा विषय

एकीच्या बळाची भारतीय मुलांना सर्वाधिक परिचित असलेली गोष्ट म्हणजे पंचतंत्रातील चित्रग्रीव नावाच्या कपोतराजाची. जाळ्यात सापडलेली कबुतरे एकदम उडतात आणि जाळ्यासकट निसटतात. संक्षिप्त बालआवृत्त्या बहुधा येथेच तात्पर्य सांगून थांबतात. मूळ कथेचा पुढचा भाग मात्र अधिक मोलाचा आहे. हिरण्यक उंदीर आधी राजाचे पाश तोडू लागतो, तेव्हा चित्रग्रीव त्याला अडवतो आणि प्रथम आपल्या परिवाराला सोडवण्यास सांगतो.

लिओ लिओनी यांच्या ‘स्विमी’ (१९६३) या अमेरिकी चित्रपुस्तकाचा गाभा याच जातीचा आहे. त्यात लहान लाल मासे एकत्र पोहून एका मोठ्या माशाचा आकार धारण करतात आणि एकटा काळा मासा त्या आकाराचा डोळा होतो. सर्वांनी एकसारखे काम न करताही एकजूट साधते, ही गोष्ट येथे चित्रातूनच उमगते. निराळे तात्पर्य जोडण्याची गरज उरत नाही. ‘एकी’ आणि ‘सहकार्य’ या शब्दांतील फरक मुलांना समजावून देताना या दोन कथांची तुलना उपयोगी पडते.

कल्पकता आणि माधुरी पुरंदरे यांचे कार्य

मराठी चित्रपुस्तकाला स्वतंत्र ओळख देण्यात लेखिका व चित्रकार माधुरी पुरंदरे यांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि पुढे फ्रान्समध्ये त्यांचे कलाशिक्षण झाले. शब्द आणि चित्रे दोन्ही एकाच हातची असल्याने त्यांच्या पुस्तकांत चित्र मजकुराची पुनरुक्ती करत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांत घरातील माणसे, शाळा, कंटाळा असे रोजचे विषय येतात; उपदेश जवळजवळ नाहीच. ‘चित्रवाचन’मध्ये तपशिलांनी भरलेली मोठी दृश्ये असून गोष्ट रचण्याचे काम पाहणाऱ्या मुलाकडे सोपवलेले आहे. कल्पकतेविषयी सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा कल्पकतेला काम देणारे हे पुस्तक अधिक परिणामकारक म्हणावे लागते. पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला.

उपलब्धता

रंगीत छपाई महाग असल्याने चित्रपुस्तके सामान्य शाळांच्या कपाटात क्वचित दिसतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. तेथील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचण्याची आणि अनुवाद करण्याचीही मुभा आहे. नवी मुंबईसारख्या शहरात एकाच वस्तीतील मुले मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत जातात. तेथे एकच पुस्तक निरनिराळ्या भाषांत एकत्र वाचता येणे ही मोठी सोय ठरते. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलावंत बालसाहित्यातील गोष्टी आश्रमशाळांतील मुलांपुढे सादर करतात.

चित्रपुस्तकाचे कर्तेपण दोघांचे असले, तरी पुस्तकयाद्यांत पुष्कळदा लेखकाचेच नाव आढळते. त्यामुळे जुन्या मराठी बालपुस्तकांतील अनेक चित्रे कोणाची, हे शोधण्यासाठी मूळ प्रत हाती घ्यावी लागते.