चांगीच्या गोधड्या

15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. पुढच्याच महिन्यात जपान्यांनी युरोपीय बायकामुलांना कातोंगहून भर उन्हात मैलोन्‌मैल चालवत चांगीच्या तुरुंगात नेलं. तुरुंग बांधलेला 600 कैद्यांसाठी. त्यात दोन हजारांहून जास्त नागरिक कोंबले गेले. पुरुष एका भागात, बायका दुसऱ्या भागात. कित्येकींचे नवरे तर सैनिकांच्या वेगळ्या छावणीत होते. अन्न अपुरं होतंच, पण आपला माणूस जिवंत आहे की नाही हे न कळणं त्याहून जीवघेणं असणार.

गोधडीची सुरुवात मुलींनी केली. तुरुंगात गर्ल गाइड्सचं एक पथक होतं, साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलींचं. आपल्या ताई एलिझाबेथ एनिस यांच्या वाढदिवसासाठी त्यांनी चिंध्यांचे षट्‌कोन कापून गुपचूप गोधडी शिवायला घेतली. ती पाहून एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन बाईंना मोठी कल्पना सुचली. त्यांचा नवरा लष्करी डॉक्टर, तोही कैदेत. कापडाच्या चौकोनांवर नावं भरून गोधडी जोडायची चाल उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होती. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी निधीही तशा गोधड्यांवर जमवला गेला होता. चांगीत त्याच चालीला नवं काम मिळालं.

प्रत्येकीला सहा इंचांचा एक चौकोन. त्यावर स्वतःचं काहीतरी भरायचं आणि खाली नाव टाकायचं. अशा 66 चौकोनांची एक, याप्रमाणे तीन गोधड्या झाल्या: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि जपानी जखमींसाठी. तिसरी होती म्हणून पहिल्या दोघींना सैनिकांच्या इस्पितळाचं दार उघडलं. कुणी माहेरचं घर भरलं, कुणी फुलं, कुणी तुरुंगाची कोठडी. एकीने निळ्या फितीचा ससा भरला. मुलगा झाला, हा निरोप नवऱ्यासाठी. इस्पितळात अंथरलेल्या गोधडीवर बायकोचं नाव सापडलं, म्हणजे निदान गोधडी शिवली तेव्हा ती जिवंत होती.

जपानी गोधडीला मी नुसती युक्ती मानत नाही. तिच्या पाठीवर जखमी सैनिकांच्या यातनांबद्दल सहानुभूती लिहिली आहे, साल जपानी पंचांगाचं, 2602, आणि खाली सूचनाही: ही ड्रायक्लीन केलेली बरी. धुण्याची काळजी वाहणारी बाई ती गोधडी खरोखर कुणाच्या तरी अंगावर पडेल असं धरूनच शिवत होती.

ऑस्ट्रेलियन आणि जपानी गोधड्या आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, ब्रिटिश गोधडी ब्रिटिश रेडक्रॉसकडे, मुलींची लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये. मुलव्हेनीबाईंनी आणखी एक गोष्ट जपली. भुकेल्या बायका एकत्र बसून नुसत्या बोलण्यात जेवणं रांधायच्या. त्या पाककृती बाईंनी उतरवून घेतल्या, 1946 मध्ये कॅनडात छापल्या आणि आलेल्या पैशांतून इंग्लंडच्या इस्पितळांतल्या माजी युद्धकैद्यांना खाऊ धाडला.