‘हिंगोली’ या शब्दाचे दोन क्रम : देवनागरी कळफलकाच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकावरील टर्मिनलच्या खिडकीत मराठी लिहू पाहणाऱ्यास पुष्कळदा असा अनुभव येतो की, इतरत्र यथास्थित उमटणारा शब्द येथे विस्कटतो. वेलांटी भलत्याच अक्षराजवळ जाते, किंवा एकटीच उभी राहते. कळफलकाची मांडणी चुकली, असे समजून ती पुनःपुन्हा बदलून पाहण्याकडे सामान्यतः कल असतो. तथापि या दोषाचे मूळ देवनागरीच्या यांत्रिक लेखनाच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उदाहरणासाठी ‘हिंगोली’ हेच नाव घेता येईल. या भूभागाने लेखनाची स्थित्यंतरे जवळून पाहिली आहेत. निजामी राजवटीत येथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर मराठी व्यवहाराची जुनी लिपी मोडी होती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला. देवनागरी मराठी कचेरीत स्थिरावली, तो काळ टंकयंत्राचा होता.

टंकयंत्राचा क्रम हा डोळ्यांचा क्रम होय. कागदावर जे डावीकडे दिसावयाचे, त्याची कळ आधी दाबावयाची. म्हणून ‘हिंगोली’ लिहिताना प्रथम वेलांटी व मग ‘ह’ उमटविला जाई. उच्चारात मात्र ‘ह’ आधी व ‘इ’ नंतर. ही विसंगती लिपिसुधारकांच्या ध्यानात आली होती. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहावी, अशी सूचना केली. परंतु ती रूढ झाली नाही.

संगणकाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १९८६ साली प्रमाणित झालेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात स्वरचिन्हे डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आली, आणि कळा दाबण्याचा क्रम उच्चाराचा ठरला. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतमानकाने तोच क्रम साठवणुकीसाठी स्वीकारला, व पुढे ‘युनिकोड’मध्येही तो कायम राहिला. वेलांटी डावीकडे नेऊन दाखविण्याचे काम आता लेखकाच्या बोटांकडे नसून यंत्राकडे आले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हे मानक निघून आठ वर्षे लोटली होती. टंकयंत्रावर घडलेली बोटे मात्र जुन्याच क्रमाची होती.

टर्मिनलमध्ये ही दोन युगे समोरासमोर येतात. टर्मिनल हे दूरमुद्रकाचे वंशज असून त्याचा पडदा समान रुंदीच्या घरांत विभागलेला असतो. प्रत्येक संकेतास त्याचे घर, ही त्याची मूळ रीत रोमन लिपीस सोयीची, देवनागरीस अडचणीची आहे. वर्णांची पुनर्मांडणी न करणाऱ्या टर्मिनलमध्ये योग्य क्रमाने लिहिलेल्या ‘हिंगोली’तील वेलांटी ‘ह’च्या उजवीकडे दिसते. लखनौची नाकारलेली सूचना अशी नकळत अमलात येते! उलट, टंकयंत्राच्या सवयीने वेलांटी आधी दिली, तर शब्द डोळ्यांस शुद्ध भासतो, परंतु साठवणीत तो अशुद्धच राहतो. अशा नोंदीतील गावाचे नाव पुढे शोधू गेल्यास सापडत नाही. दिसण्यातील दोष हा केवळ त्रास होय. साठवणीतील दोष ही दस्तऐवजाची हानी होय.

म्हणून दोषनिदान करताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे : कोणती कळ दाबली, कोणता संकेत साठविला गेला, आणि कोणती आकृती दिसली. इन्स्क्रिप्टमध्ये एका कळेस एक संकेत असल्याने केवळ मांडणी निवडणे पुरते. टंकयंत्राच्या क्रमाची मांडणी वापरावयाची असल्यास वेलांटी रोखून धरून व्यंजनानंतर ठेवणारी मध्यस्थ आज्ञावली लागते. ती टर्मिनलशी जोडलेली नसेल, तर संपादकात चालणारी मांडणी तेथे फसते. साठवणीची परीक्षाही सोपी आहे. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत ‘हिंगोली’चे सात संकेत एकवीस बाइट व्यापतात. परंतु क्रम उलटला तरी ही संख्या बदलत नाही. म्हणून मोजणी पुरेशी नाही, बाइट उलगडून पाहावे लागतात. षोडशमान पद्धतीने पाहता तिसरा बाइट ‘बी९’ असल्यास प्रारंभी ‘ह’ आहे, ‘बीएफ’ असल्यास वेलांटी आहे. पहिल्या स्थितीत दोष फक्त प्रदर्शनाचा असून मांडणीस हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या स्थितीत मात्र कळफलक व लेखकाची सवय या दोहोंचा विचार केला पाहिजे.

तात्पर्य, टर्मिनलमधील मराठीच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष निर्णायक मानता येत नाही. मोडी दस्तऐवज वाचताना अभ्यासक ज्याप्रमाणे अक्षराच्या वळणामागील लेखनरीती शोधतो, त्याचप्रमाणे संगणकीय दस्तऐवजात आकृतीमागील संकेतांचा क्रम तपासणे हे यापुढे संशोधकाचे कर्तव्य ठरेल.