सुरत, सनद आणि न्यायासन

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनुष्याला प्रथम 1664 सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते आणि तिच्यामागोमाग 1907 सालच्या काँग्रेसच्या मंडपात भिरकावलेला तो प्रसिद्ध जोडा. परंतु ह्या दोन गलबल्यांच्या दरम्यान ह्याच शहरात एक तिसरी गोष्ट रुजली, जिचा कोठे आवाज झाला नाही. मुंबई इलाख्यातील देशी वकिलाला पुढे ज्या वाटेने न्यायासनापर्यंत जाता आले, त्या वाटेचा उगम पुष्कळसा तापीकाठचा आहे.

1800 साली नबाबाशी झालेल्या तहाने सुरतेचा सारा अंमल कंपनी सरकारकडे गेला. तोवर शहरात काजी होता, व्यापाऱ्यांचे महाजन होते, आणि पेशवे व गायकवाड ह्यांच्या वतीने चौथाई वसूल करणारे कामदारही ठाण मांडून होते. पुढे 1820 नंतर काही वर्षे कंपनीच्या मुलखातील दिवाणी अपिलांची सर्वोच्च कचेरी, म्हणजे सदर अदालत, मुंबईस नसून सुरतेस भरत होती. हॅरी बोराडेल ह्या अंमलदाराने तिचे निवाडे जमवून प्रसिद्ध केले, आणि गुजरातेतील ज्ञातीज्ञातींना त्यांचे रीतिरिवाज लिहवून देण्यास सांगितले. परक्या न्यायाधीशापुढे मांडावयाचे तर वहिवाटीलाही कागदावर यावे लागते. आणि कागद आला की तो जाणणारा मनुष्य लागतो.

हा मनुष्य म्हणजे वकील. मराठी राज्यात त्याच्यावाचून फारसे अडत नसे, कारण तेथे तंटा पंचांपुढे जाई आणि वादी-प्रतिवादी दोघेही ‘ह्या पंचांचा निवाडा आम्हांस मान्य’ असा राजीनामा आधी लिहून देत. ज्या शब्दाने आज आपण पद सोडतो, त्याच शब्दाने तेव्हा पंच आसनावर बसत, ही भाषेची थट्टा मला नेहमी मौजेची वाटत आली आहे. न्याय करणारा पक्षकारांच्या संमतीने नेमला जाई. फक्त ती संमती एका तंट्यापुरती असे. अदालतीने ही संमती काढून घेतली आणि तिच्या जागी सनद आणली. वकिलाला सनद वरून, मुन्सफाला नेमणूक वरून; आणि पक्षकाराच्या हाती उरले ते वकीलपत्रावर सही करणे.

नानाभाई हरिदास मूळचे सुरतेचे. त्यांनी सदर अदालतीत, जी तोवर मुंबईस हलली होती, भाषांतरकार म्हणून आरंभ केला. मोफसलातून येणारे गुजराती, मराठी, कानडी दप्तर, त्यातले मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, हे सर्व इंग्रजीत उतरल्यावाचून अपील चालत नसे. आणि जो दिवसभर दुसऱ्यांचे दावे एका भाषेतून दुसरीत नेतो त्याला कायदा वेगळा शिकवावा लागत नाही. नानाभाई वकील झाले, सरकारी वकील झाले. 1861 च्या कायद्याने हायकोर्टाची कवाडे दहा वर्षे वकिली केलेल्यांसही उघडली होती. तरी 1873 साली हंगामी न्यायमूर्ती झालेल्या ह्या गृहस्थास कायम होण्यास 1884 साल उजाडावे लागले. अकरा वर्षे उमेदवारी! बढतीच्या फायली आजही सावकाश चालतात, पण ही सावकाशी वेगळ्या जातीची होती.

1889 मध्ये नानाभाई वारले आणि ती जागा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांकडे आली. 1893 मध्ये तेलंग गेले तेव्हा महादेव गोविंद रानडे. 1901 च्या जानेवारीत रानडे गेले तेव्हा नारायण गणेश चंदावरकर. ही मालिका मृत्यूनेच पुढे सरकत गेली, आणि तिच्यातील प्रत्येकाला ती खुर्ची मिळाली ती सरकारच्या मर्जीने. ह्याच मंडळींना इतरत्र मात्र मतांचा मार्ग मोकळा होत होता. नगरपालिका, युनिव्हर्सिटी, कायदे कौन्सिल, काँग्रेसचे अध्यक्षपद, जेथे जेथे निवड होती तेथे वकील पुढे होता. चंदावरकर तर 1900 च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होऊन लगोलग हायकोर्टात बसले. अमेरिकेत मिसिसिपी संस्थानाने 1832 सालीच आपले सारे न्यायाधीश मतांनी निवडण्याचा प्रघात पाडला होता. आमच्याकडे न्यायाधीशाची निवडणूक ही कल्पनाच कोणाच्या मनात शिरली नाही, आणि ती शिरली नाही ह्याबद्दल मला विशेष खंतही वाटत नाही. मत मागणाऱ्याला उद्या मतदाराचे ऋण फेडावे लागते.

वकिलाच्या निवडीवरून काय घडू शकते ते सुरतेनेच पाहिले. 27 डिसेंबर 1907 रोजी फ्रेंच बागेतील मंडपात कलकत्त्याचे नामांकित वकील रासबिहारी घोष ह्यांची अध्यक्षपदी निवड व्हावयाची होती. टिळक तहकुबीची सूचना मांडण्यास मंचावर चढले आणि हात बांधून उभे राहिले. तेवढ्यात तांबूस कातड्याचा, निमुळत्या टोकाचा, तळाला शिसे ठोकलेला एक दक्षिणी जोडा हवेतून आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर आपटला आणि तेथून फिरोजशहा मेहतांना लागला. पुढे काठ्या चालल्या, खुर्च्या उडाल्या.

सात महिने लोटले नाहीत तोच टिळक मुंबईच्या हायकोर्टात आरोपी म्हणून उभे होते. समोर न्यायासनावर दिनशा दावर. 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बदरुद्दिन तय्यबजींपुढे उभे राहून तो मिळवून देणारे बॅरिस्टर हेच. 22 जुलै 1908 च्या रात्री त्यांनी आपल्या जुन्या अशिलाला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

स्वराज्यानंतर मुंबई राज्यात, ज्यात सुरत जिल्हाही होता, 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने न्यायपंचायती आल्या. ग्रामपंचायतींनी निवडून दिलेले पंच तेथे किरकोळ दावे ऐकत; महाराष्ट्रात 1975 साली त्या गुंडाळल्या गेल्या. निवडलेला न्यायकर्ता आमच्याकडे शेवटी ह्या चावडीवरच बसला. तेथे वकिलाला पक्षकाराच्या वतीने उभे राहण्यास कायद्यानेच मनाई होती.