निकाली कुस्ती, निकामी खेळ

खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून साजगाव आहे. कार्तिकी एकादशीला तिथल्या विठोबाची यात्रा भरते आणि पुढे सुमारे पंधरवडाभर चालते. भाविक तिला धाकट्या पंढरीची यात्रा म्हणतात. पण लोकांच्या तोंडी रुळलेले देवाचे नाव आहे बोंबल्या विठोबा. कारण उघड आहे. घाटावरची माणसे खाली उतरतात, किनाऱ्याकडची वर येतात, आणि देवदर्शनाइतक्याच निष्ठेने सुक्या मासळीची खरेदी-विक्री होते. असल्या बाजाराची रीत सर्वांना ठाऊक आहे. बोंबील हाती घ्यायचा, वाकवून पाहायचा, नाकाशी न्यायचा आणि मग भाव विचारायचा. गिऱ्हाइकाचे मत विक्रीच्या आधी तयार होते आणि ते विकणाऱ्याच्या तोंडावर सांगितले जाते.

महाराष्ट्रातल्या गावयात्रांत तोंडावर मत सांगण्याची आणखी एक जागा असते, ती म्हणजे कुस्तीचा फड. तिथला प्रेक्षक गप्प बसत नाही. दोन मल्ल खडाखडीतच वेळ घालवू लागले की तो ओरडतो, पंचांना दोष देतो, कुस्ती ठरवून चालली आहे असा संशय आला तर उठून जातो. फडावरच्या या मताचाच एक अलीकडचा आणि वरकरणी क्षुल्लक वाटणारा अवतार या लेखाचा विषय आहे. २०१९ साली 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२०' हा व्यावसायिक कुस्तीवरचा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि खेळणाऱ्यांची घोर निराशा झाली. ही निराशा नेमकी कशाबद्दल होती, हा आमचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो ठेवताना थोडा संकोच वाटतो. पण आस्वाद घेणाऱ्याचा अपेक्षाभंग हा समीक्षेचा जुनाच विषय आहे, आणि खोटे आहे हे ठाऊक असलेल्या गोष्टीने माणसाची फसवणूक कशी होते, हे कोडे आपल्याही शास्त्राचे आहे.

प्रथम मातीतल्या कुस्तीचा विचार करू. आपल्याकडच्या जाहिरातींवर 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असे शब्द छापलेले असतात. त्यातला 'निकाली' हा शब्द म्हणजे प्रेक्षकाला दिलेले वचन होय. बरोबरीत सोडवणार नाही, कोणाची तरी पाठ मातीला लागेल आणि ती तुम्हांला दिसेल, असे ते वचन आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान या वचनाचेच बांधकाम म्हणता येईल. बैठकीचा उतार असा ठेवला आहे की पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येऊ नये. प्रेक्षक हा येथे साक्षीदार आहे. या साक्षीची ओढ आजही ओसरलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ पुरती टेकली होती की नाही यावरून मैदानात रणकंदन झाले, आणि नंतर कित्येक दिवस लोक त्या क्षणाचे चित्रण पुन्हापुन्हा पाहून स्वतःचा निकाल देत राहिले.

मात्र खरी कुस्तीही निराश करू शकते, हे विसरता कामा नये. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची लढत झाली. तीत कसलीही लबाडी नव्हती. पण झ्बिश्को पालथा पडून जमिनीला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ जाऊनही निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. प्रेक्षकाला खरेपणा मिळाला, निकाल मिळाला नाही. फडावरच्या निराशेचा हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार नुरा कुस्तीचा. तिथे निकाल मिळतो, पण तो आधीच ठरलेला असतो. हा शब्द पुढे आपल्या राजकीय लेखनाने उचलला, तो याच अर्थाने.

व्यावसायिक कुस्ती हा तिसरा आणि वेगळाच व्यवहार आहे. तिचे मुंबईला नावीन्य नव्हते. किंगकाँग आणि दारासिंग ही नावे आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी होती, आणि १९६८ साली दारासिंगने मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून जगज्जेतेपद मिळवल्याची आठवण सांगणारे अनेक होते. तेव्हाचा सामान्य प्रेक्षक ती लढत मातीतल्या कुस्तीच्याच नजरेने पाहत असे. पुढे १९८९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीनेच मान्य केले की हा क्रीडास्पर्धेचा नव्हे, करमणुकीचा प्रकार आहे. क्रीडा आयोगाचे नियंत्रण आणि कर टाळणे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. म्हणजे नुरा कुस्ती नुरा असल्याचे स्वतः मल्लांच्या मालकाने सांगितले. आणि प्रेक्षक मुळीच कमी झाला नाही! रोलाँ बार्थने १९५७ च्या 'मायथॉलॉजीज'मध्ये याचे कारण आधीच सांगून ठेवले होते. ही कुस्ती स्पर्धा नसून दृश्य आहे, लढत ठरलेली आहे की नाही याची तिच्या प्रेक्षकाला पर्वा नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची स्पष्ट दिसणारी रूपे हवी असतात, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. येथे प्रेक्षक साक्षीदार उरत नाही, सामाजिक होतो. नाट्यशास्त्राच्या परंपरेत हा शब्द ज्या अर्थाने येतो त्या अर्थाने.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांवरून ही कुस्ती घराघरांत पोहोचली. शाळकरी मुलांच्या खिशांत मल्लांची चित्रे, उंची, वजन आणि क्रमांक छापलेल्या पत्त्यांचे जोड आले. त्या पत्त्यांच्या खेळात एक गंमत होती. पडद्यावरची कुस्ती ठरलेली असली तरी पत्त्यांचा डाव ठरलेला नसे. मधल्या सुट्टीत दोन मुले छातीची मापे एकमेकांवर आदळत आणि निकाल जागीच लागे. व्हिडिओ गेमने हेच अधिक विस्ताराने केले. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. मल्लाचा प्रवेश, त्याचे संगीत, डाव, वेदनेचा अभिनय हे सर्व नाटकाचे; पण जिंकणार कोण, हे खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून. ज्या कुस्तीतून निकालाची अनिश्चितता काढून टाकलेली होती, तिच्यात ती या खेळाने परत आणली. खेळणारा एकाच वेळी मल्ल असतो, प्रेक्षक असतो आणि काही अंशी सूत्रधारही असतो. म्हणून त्याला दोन वचने दिलेली असतात: फडाचे निकालाचे, आणि रंगभूमीचे अभिनयाचे.

आता २०१९ कडे येऊ. २००० सालच्या 'स्मॅकडाउन'पासून या मालिकेचे काम जपानची यूक्स ही संस्था करीत होती. आधीची प्रकाशक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०१३ मध्ये मालिका '२के'कडे आली, तरी करणारे हात तेच राहिले. २०१९ मध्ये यूक्स बाजूला झाली आणि व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या संस्थेने प्रथमच संपूर्ण भार उचलला. खेळ दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास यायचा, हा यात्रेसारखा नेम होता. तो मोडला गेला नाही. २२ ऑक्टोबर २०१९ ला, आपल्याकडच्या दिवाळीच्या तोंडावर, खेळ बाजारात आला.

पुढे जे झाले ते खेळणाऱ्यांनी स्वतःच चित्रित करून जगापुढे मांडले. मल्लांची शरीरे दोरखंडांत अडकून थरथरत होती, हातपाय अशक्य दिशांना वळत होते, माणसे आखाड्याच्या फळीत रुतत होती. ओळखीचे चेहरे आदल्या वर्षीपेक्षा ओबडधोबड झाले होते. प्रतिडावाची कळ बदलल्यामुळे जुन्या खेळाडूंचा हात चुकत होता. खेळ मध्येच बंद पडत होता. तो दुरुस्त करा, या मागणीने ट्विटर दुमदुमून गेले. या सगळ्यावर कडी झाली ती १ जानेवारी २०२० ला. ज्या खेळाच्या नावातच ते साल होते, तो ते साल उजाडताच सुरू होईना. यंत्रातली तारीख मागे नेऊन पुन्हा २०१९ केली की चालतो, हा शोधही खेळणाऱ्यांनीच लावला. दुरुस्ती मागाहून आली.

या मतांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला हसणाऱ्यांचा. त्यांनी मोडक्या खेळाचे प्रहसन करून टाकले आणि दुरुस्त खेळाने दिला नसता इतका आनंद त्यातून मिळवला. दुसरा गट गिऱ्हाइकांचा. त्यांचे म्हणणे साधे होते, दिलेल्या पैशांचा माल मिळाला नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण आगाऊ पैसे भरून बसले होते, म्हणजे बोंबील न वाकवताच भाव चुकता केला होता. तिसरा गट जाणत्यांचा. त्यांनी इतिहास काढला, २००० सालचा 'नो मर्सी' आणि २००३ सालचा 'हिअर कम्स द पेन' यांचे दाखले दिले, आणि जुन्या यंत्रांवर कमी साधनांनी जे जमले ते आता का जमू नये, असे विचारले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कुस्ती खोटी आहे ही तक्रार यांपैकी कोणाचीच नव्हती. त्यांची तक्रार होती की खोटे नीट केलेले नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांतले पहिले संभावनाविरहाचे आहे: जे घडते आहे ते घडू शकते असे वाटलेच नाही, तर चित्त तिथे विसावणार कसे? दुसरे एक विघ्न प्रतीतीच्या उपायांच्या वैकल्याचे आहे. ज्या साधनांनी अनुभव पोहोचायचा तीच पंगू असतील, तर आशय कितीही मोठा असून उपयोग नाही. दोरखंडात अडकलेला मल्ल ही दोन्ही विघ्ने एकदम उभी करतो. आणि त्याच वेळी फडाचे वचनही मोडते, कारण बोटे बरोबर चालूनही यंत्राच्या चुकीने हार झाली तर तिला निकाल म्हणत नाहीत. एका बाजूने रसभंग आणि दुसऱ्या बाजूने पंचांची चूक, अशी ही दुहेरी फसवणूक होती. तिचा आवाज इतका चढा लागला, तो आमच्या समजुतीप्रमाणे याच कारणाने.

मात्र इतिहासाचे साधन म्हणून ही मते वापरताना सावध राहिले पाहिजे. काय मोडले आहे याविषयी खेळणाऱ्यांची साक्ष पक्की आहे. का मोडले याविषयी ती कच्ची आहे. अनेकांनी एका दमात आळस, लोभ आणि अडाणीपणा असे आरोप केले. नव्या हातांना एकोणीस वर्षांचे काम उचलून नेमाच्या महिन्यात पुरे करायचे होते, हे त्या आरोपांत फारसे येत नाही. फडावरचा प्रेक्षकही असाच असतो. कुस्ती रटाळ झाली हे त्याला बरोबर कळते. मल्लाचा खांदा आधीच दुखावला होता, हे कळत नाही. जुन्या खेळांच्या गौरवातही प्रत्येकाच्या शाळकरी वयाची माया मिसळलेली असते. म्हणून मत खोटे ठरत नाही; ते कशाचा पुरावा आहे, एवढे मात्र ठरवावे लागते.

आणि ते निष्फळही ठरले नाही. खेळ विक्रीत आणि दर्जातही उणा पडला, हे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी २०२० च्या आरंभी गुंतवणूकदारांपुढे मान्य केले. त्या वर्षीचा मुख्य खेळ रद्द झाला, त्याच्या जागी एक हलकाफुलका खेळ देऊन वेळ निभावून नेण्यात आली, आणि पुढचा पूर्ण खेळ मार्च २०२२ मध्ये आला. त्याचे स्वागत बरेच चांगले झाले. दरवर्षीची यात्रा एकदा चुकली, म्हणून मूर्तीची डागडुजी झाली, असे म्हणता येईल.

साजगावच्या विठोबाशी एक लोककथा जोडलेली आहे. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले, गिऱ्हाइकांनी माल नेला, पैसे मात्र दिले नाहीत; तेव्हा विठ्ठलाने माणसाचे रूप घेऊन घरोघर वसुली केली. त्या कथेत फसवला गेला तो विकणारा, आणि त्याच्या वतीने उभा राहिला देव. येथे फसवले गेले ते विकत घेणारे. त्यांच्यासाठी कोणी रूप घेऊन येणार नव्हते, तेव्हा वसुलीला ते स्वतःच निघाले. त्यांच्या आरडाओरड्यात उथळपणा होता, अन्याय होता, पोरकटपणाही होता. तरीही ठरलेल्या निकालाची कुस्तीसुद्धा मन लावून केली पाहिजे, ही त्यांची मागणी खोटी नव्हती. कादंबरी वाचताना आपण लेखकाकडे हीच मागणी करतो. फरक इतकाच, की ती पुरी झाली नाही तर आपण पुस्तक मिटून ठेवतो आणि बहुधा गप्प राहतो.