फोटोला बसलेली माणसे



या व्यासपीठावर इतिहासाचे प्राध्यापक बोलून गेले आहेत. त्यांच्यामागून माझ्यासारख्या, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे हे धाडसच आहे. पण ज्या इतिहासाबद्दल मी बोलणार आहे तो माझ्या हातून रोज जातो. तो दीड इंच रुंदीच्या कागदावर छापलेला असतो आणि अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात डकवलेला असतो. माणसाच्या फोटोचा हा इतिहास आहे, आणि तो मी जव्हार-मोखाड्याच्या बाजूने सांगणार आहे.

जव्हार-मोखाड्याकडे याच दिवसांत बोहाडा भरतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. रात्र चढली की संबळ आणि सनई वाजू लागते, आणि देवदैत्यांचे मोठमोठे मुखवटे चढवलेली सोंगे एकामागून एक येतात. टेंभ्यांचा हलता उजेड मुखवट्यावर पडतो आणि रंगवलेला कागदाचा लगदा जिवंत वाटू लागतो. नाचणाऱ्याला ठाऊक असते की मान किती वळवली म्हणजे देव प्रसन्न दिसतो आणि किती खाली घातली म्हणजे तोच भयंकर दिसतो. टेंभेवाल्यालाही ठाऊक असते की आपण कोठे उभे राहायचे. चेहरा, उजेड आणि पवित्रा या तिन्ही गोष्टी ज्यांना पिढ्यान् पिढ्या कळतात, त्या माणसांचे फोटो मात्र दीडशे वर्षे असे निघत आले की त्यात चेहरा दिसला तर माणूस दिसू नये. असे का झाले, हा माझा आजचा प्रश्न आहे.

मला तो पडला एका साध्या कारणाने. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. वर्षातून नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी करावी, त्याला ओळखपत्र द्यावे, असे त्यात होते. मोखाड्याच्या पाड्यांवरून शहराकडे कामाला जाणाऱ्या माणसांचे अर्ज आम्ही भरू लागलो. फोटोसाठी जव्हारला जायचे म्हणजे एक रोज बुडणार, म्हणून संघटनेने एक कॅमेरा घेतला आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी काय करावे? लोकांना पांढऱ्या चुन्याच्या भिंतीशी, भर दुपारी, एका ओळीत उभे केले आणि पोलीस ठाण्यात काढतात तसे फटाफट फोटो काढले. एका कचेरीतून अर्जांचा गठ्ठा परत आला. शेरा होता, ‘चेहरा ओळखू येत नाही.’ मला राग आला. पण गठ्ठा उघडून पाहिला तेव्हा कारकुनाचे म्हणणे खोटे नव्हते. पांढऱ्या भिंतीवर काळे डाग उमटले होते. डोळ्यांच्या जागी खोबणी होत्या.

आमच्या गावात एक म्हातारे स्टुडिओवाले होते. मी गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “अहो पुढारी, तुम्ही भिंतीचा फोटो काढलात. माणूस वाटेत आला एवढेच.” त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बसू लागलो, आणि मिळेल ते जुने पुस्तक वाचू लागलो.

फोटोची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, आणि मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या विद्येत नाव मिळवणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत धंदाच थाटला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असे नाही. आगगाडीच्या जोडीनेच आली.

त्या काळी फोटोला बसणे हे खरोखरच बसणे होते. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायचा. उजेड घ्यायला काही सेकंद लागत. तेवढ्यात माणूस हलला तर चेहरा पुसट होई, म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. हात खुर्चीच्या दांड्यावर, नजर एका ठिकाणी. जुन्या तसबिरींत आपले पणजोबा इतके करारी दिसतात, त्यात स्वभावाचा भाग किती आणि टेकूचा किती, हे सांगणे कठीण आहे. उजेडासाठी स्टुडिओला काचेचे छप्पर असे. शक्यतो उत्तरेकडचा उजेड घेत, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि डोळ्यांवर थेट ऊन येत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग तेवढा चांगला दिसे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. आपल्या कातडीत तांबूस-पिवळी छटा अधिक. म्हणून सावळा माणूस त्या काचेवर होता त्याहून काळा उमटे. सर्व रंगांना जागणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हाही कोडॅकच्या प्रयोगशाळांतून रंग जुळवण्यासाठी जे नमुन्याचे कार्ड जाई, त्यावर गोऱ्या बाईचाच फोटो असे. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांचे कार्ड निघायला १९९० नंतरची वर्षे उजाडली. तेव्हा यंत्र निःपक्षपाती असते असे मानू नका. ते बनवणाऱ्याने कोणाला समोर बसवून ते जुळवले, हे विचारावे लागते.

पण केवळ रसायनावर दोष टाकून भागणार नाही. त्याच रसायनाने त्याच काळात संस्थानिकांच्या आणि शेठसावकारांच्या रुबाबदार तसबिरी निघत होत्या. उजेड एका बाजूने, थोडा वरून. दुसऱ्या गालावर हलकी सावली. मागे रंगवलेला पडदा, आणि खाली नाव. दुसऱ्या तऱ्हेचे फोटो निघत ते अल्बमसाठी. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात माणसांना स्टुडिओत उभे करून फोटो घेतले आणि मागे भलतीच दृश्ये जोडली. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. अशा पुस्तकांत चित्राखाली बहुधा जात असे, जमात असे; माणसाचे नाव क्वचितच. १८६९ साली तर विलायतेत दोऱ्यांच्या चौकटी आखलेल्या पडद्यापुढे माणसाला उघडे उभे करून मोजण्याची पद्धत निघाली. धान्याच्या दुकानात तांदळाचा नमुना ठेवतात, तसा माणसाचा नमुना!

जव्हारला हा भेद फार चांगला कळतो. जव्हारचे मुकणे राजे महादेव कोळी. डोंगरात नागली पिकवणारा शेतकरीही महादेव कोळी. पण राजाची ती तसबीर आणि शेतकऱ्याचा तो नमुना! जमात एक, कातडीचा रंग एक, सूर्यही एकच. फरक एवढाच की एकाला विचारले, “कसे बसणार?” आणि दुसऱ्याला सांगितले, “असा उभा राहा.” फोटोच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मला या दोन वाक्यांत सापडते.

कोणी म्हणेल, आदिवासी कॅमेऱ्याला भीत, म्हणून त्यांचे फोटो नीट निघत नसत. ही भीती काही जंगलातच होती असे नाही. मोखाड्यावरून घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तेथे १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. चित्रपट काढण्याआधी त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोची विद्या घेतली आणि फोटोचा धंदाही केला. फोटोने माणसाची शक्ती ओढली जाते या समजुतीमुळे त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे शहरचे लोकही भीत होते. आणि डोंगरातल्या माणसाच्या भीतीला तर कारण होते. लग्नासाठी थोडे कर्ज काढून ज्याने कागदावर अंगठा उठवला, तो लग्नगडी म्हणून सावकाराच्या दारी जन्मभर राबला. १९४५ च्या वारली उठावात, गोदावरी परुळेकरांच्या काळात, ती वेठ मोडली. आपली खूण एकदा कागदावर गेली की आपण दुसऱ्याचे होतो, हे ज्याने आज्याच्या पाठीवर वाचले आहे, तो कॅमेऱ्यापुढे डोळे खाली घालणार नाही तर काय करणार?

त्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांनी मला जे शिकवले ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याचा मापक समोरच्या सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड धरतो. मागे पांढरी भिंत किंवा आभाळ असले तर त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चेहरा अंधारात लोटतो. म्हणून माप चेहऱ्यावरचे घ्यावे. भर दुपारचे ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांत खड्डे पाडते. म्हणून माणसाला घराच्या उंबऱ्याशी, छपराच्या सावलीत, तोंड बाहेर करून बसवावे. अंगणाचा उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. मांडीवर धुतलेले पांढरे धोतर पसरले की हनुवटीखालची सावली उठते. सावळ्या कातडीवर उजेड बाजूने आला तर गालाच्या हाडाला, कपाळाला चकाकी येते आणि चेहरा उठून दिसतो. खांदे किंचित वळवून मग मान कॅमेऱ्याकडे आणली की माणूस ताठरत नाही. या सगळ्याला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि माणसाचे नाव विचारण्याची तसदी.

पाड्यावर एक मावशी होती. तिला उंबऱ्याशी बसवले तेव्हा ती म्हणाली, “दादा, माझा फोटू आधी एकदा काढलाय. मांडीवर नातू होता. फोटूवाला म्हणाला, हसू नको.” मी विचारले, “कधी?” ती म्हणाली, “पोरं मेली त्या साली.” १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजाराने गेली. तेव्हा देशभरचे कॅमेरे तेथे आले. ते आले नसते तर सरकारला जाग आली नसती, हे मी मान्य करतो. आमच्या चळवळीनेही ते फोटो वापरले. पण त्या फोटोंखालीही नावे नव्हती, आणि दुःखाचासुद्धा पवित्रा ठरवून दिला होता. नमुन्याचा अल्बम शंभर वर्षांनी पुन्हा उघडला, फक्त या वेळी दयेने.

मला त्या मावशीला सांगावे लागले की अर्जाच्या फोटोतही हसायचे नाही. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग मी दोन फोटो काढले. एक अर्जासाठी. दुसऱ्यात तिने कोयता बाजूला ठेवला, लुगड्याचा पदर सारखा केला आणि तिला हवी तशी बसली. तो तिच्या घरात देवाशेजारी लावलेला आहे. तेव्हापासून प्रत्येकाचे दोन फोटो काढण्याचा आमचा नियम झाला, आणि चेहरा ओळखू येत नाही म्हणून अर्ज परत येणेही थांबले.

हा शौकाचा विषय आहे असे समजू नका. केंद्र सरकारने २०२१ साली रोजगार हमीच्या कामासाठी मोबाईलवर हजेरीची पद्धत आणली आणि २०२३ पासून ती सगळीकडे सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो पाठवायचा, मगच हजेरी धरायची. ज्याच्या हाती घमेले आहे त्याची मजुरी अशा रीतीने उजेडावर आणि समोरच्याच्या फोटो काढण्यावर अवलंबून राहिली. म्हणून मी आमच्या पोरापोरींना मागण्यांचे निवेदन लिहायला शिकवतो, तसे उंबऱ्याशी बसवून फोटो काढायलाही शिकवतो. आता कॅमेरा त्यांच्याच खिशात आहे. दीडशे वर्षांत पहिल्यांदाच “कसे बसणार?” हा प्रश्न त्यांचा त्यांना विचारता येतो.

बोहाडा पहाटे संपतो. मुखवटे उतरतात, टेंभे विझतात, आणि घामेजलेली, रात्रभर जागलेली माणसे पहिल्या उजेडात चहाला बसतात. यंदा गेलात तर कॅमेरा जरूर न्या. सोंगांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही पहाटेपर्यंत थांबा, त्या माणसाला त्याचे नाव विचारा, आणि त्याने हो म्हटले तर मग फोटो काढा.