खेळण्यांचं दुकान गेलं कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रिचर्ड कॅडोगन नावाचा एक कवी मध्यरात्री ऑक्सफर्ड शहरात येऊन पोचतो. एका खेळण्यांच्या दुकानाचं दार उघडं दिसतं, म्हणून कुतूहलानं आत शिरतो. वरच्या मजल्यावर एका बाईचं प्रेत! तेवढ्यात त्याच्या डोक्यात तडाखा बसतो. शुद्धीवर आल्यावर तो पोलिसांकडे धावतो. पण आता त्या जागी खेळण्यांचं दुकान नाहीच. तिथं आहे किराणा मालाचं दुकान. प्रेतही नाही. आता या कवीवर विश्वास ठेवणार कोण?

विश्वास ठेवतो त्याचा मित्र जर्व्हेस फेन. हा फेन ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा प्राध्यापक आणि हौशी गुप्तहेर. पाणी लावून चापून बसवले तरी त्याचे केस डोक्यावर उभेच राहायचे. 'द मूव्हिंग टॉयशॉप' ही ती कादंबरी १९४६ सालची. लेखकाचं नाव एडमंड क्रिस्पिन. रहस्यकथा वाचताना आपण श्वास रोखतो. क्रिस्पिन वाचताना मध्येच हसू फुटतं आणि रोखलेला श्वास सुटतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडावर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हा धक्काच होता. खून झालाय आणि ही माणसं थट्टा कसली करतात!

क्रिस्पिन हे टोपणनाव. खरं नाव रॉबर्ट ब्रूस माँटगोमेरी, जन्म १९२१चा. युद्धाच्या काळात तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात भाषा शिकत होता. बरोबरीची पोरं सैन्यात गेलेली. याच्या पायांत जन्मतःच व्यंग, त्यामुळे तो मागे राहिला. पियानो वाजवायचा, ऑर्गन वाजवायचा, संगीत रचायचा. फिलिप लार्किन त्याच कॉलेजातला. किंग्जली एमिसही तिथलाच, पण तो मध्येच सैन्यात गेला.

एका मित्रानं त्याच्या हाती जॉन डिक्सन कारची 'द क्रुकेड हिंज' ठेवली. कार हा अशक्य वाटणाऱ्या गुन्ह्यांचा बादशहा. बंद खोलीत खून, आणि खोलीत दुसरं कुणी नाही, ही त्याची खासियत. पोरानं पुस्तक रातोरात संपवलं आणि आपणही असं लिहायचं ठरवलं. दुसरा गुरू मायकेल इनेस. हा स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक, त्यामुळे त्याच्या रहस्यकथांत विद्वत्ता आणि चेष्टा हातात हात घालून चालतात. इनेसच्या 'हॅम्लेट, रिव्हेंज!' या कादंबरीत जर्व्हेस क्रिस्पिन नावाचं एक पात्र आहे. आपल्या पठ्ठ्यानं त्याचे सरळ दोन तुकडे केले. आडनाव स्वतः घेतलं, पहिलं नाव गुप्तहेराला दिलं! इतकं उघड ऋण फार थोडे लेखक मान्य करतात.

पहिली कादंबरी 'द केस ऑफ द गिल्डेड फ्लाय' त्यानं विद्यार्थी असतानाच लिहिली. ती १९४४ साली छापून आली, तेव्हा तो श्रूझबरीच्या शाळेत मास्तर होता. जवळच वेलिंग्टन नावाच्या गावात लार्किन ग्रंथपाल म्हणून लागला होता. दोघं भेटत, पीत, एकमेकांचं लिखाण वाचत. तेव्हा यशस्वी लेखक होता तो माँटगोमेरी. लार्किनला कुणी विचारत नव्हतं. 'टॉयशॉप' लार्किनला अर्पण केलेली आहे, आणि लार्किनची 'अ गर्ल इन विंटर' माँटगोमेरीला.

त्याचा विनोद कसा, तर पुस्तकातल्या पात्रांना आपण पुस्तकात आहोत हे ठाऊक असतं. गाडी कुठे वळवायची असा प्रश्न पडतो, तेव्हा डावीकडेच जाऊ या असं ठरतं. कारण काय, तर पुस्तकाचा प्रकाशक गोलान्झ! (हे गोलान्झ डाव्या विचारांचे म्हणून प्रसिद्ध होते.) मला विचाराल तर त्याची कोडी कारइतकी घट्ट नाहीत. योगायोग पुष्कळ असतात. पण वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. 'टॉयशॉप'च्या शेवटी जत्रेतलं चक्र बेफाम फिरू लागतं आणि एक माणूस त्याच्याखाली सरपटत जाऊन ते थांबवतो. हिचकॉकच्या १९५१च्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'चा शेवट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल. चित्रपट पॅट्रिशिया हायस्मिथच्या कादंबरीवरून काढलेला, पण तिच्या कादंबरीत हा प्रसंग नाही. तो क्रिस्पिनचा. श्रेयनामावलीत मात्र त्याचं नाव शोधून सापडत नाही.

१९४४ ते १९५१ या काळात आठ कादंबऱ्या. १९५३ साली एक कथासंग्रह. आणि मग कादंबरी थांबली. तीस-बत्तीसचं वय हे काय थांबायचं वय?

झालं असं की संगीतानं लेखकाला गिळलं. १९५१ साली त्याचं 'ॲन ऑक्सफर्ड रेक्वियम' गाजलं होतं. पण मागणी आली ती चित्रपटांकडून. 'कॅरी ऑन' या विनोदी चित्रपटमालिकेतल्या पहिल्या 'कॅरी ऑन सार्जंट'चं, १९५८ साली, संगीत त्याचं. पुढचे काही चित्रपटही त्यालाच मिळाले. १९६१च्या 'रेझिंग द विंड'ची तर पटकथाही त्यानंच लिहिली. पैसा येत होता, पण काम तारखेला बांधलेलं. रात्री जागून सुरावटी पुऱ्या करायच्या आणि सोबतीला बाटली. १९६२च्या चित्रपटाचं काम त्याच्या हातून वेळेत उरकेना. दुसरा संगीतकार जोडीला घ्यावा लागला, आणि मालिका त्याच्या हातून गेली. इकडे एमिस 'लकी जिम'मुळे घरोघर पोचला होता, लार्किन मोठा कवी ठरला होता. माँटगोमेरी डेव्हनमध्ये एका खेड्यात राहत होता. विज्ञानकथांचे संग्रह संपादित करी, १९६७पासून 'संडे टाइम्स'मध्ये दुसऱ्यांच्या रहस्यकथांची परीक्षणं लिही. तीही मन लावून, नव्या लेखकाला हात देत.

केवळ दारूनं त्याचं लेखन बुडवलं असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, तो विनोद रिकामटेकड्या दुपारचा होता. मित्र जमलेत, घाई कुणाला नाही, शब्दावरून शब्द निघतोय. तारखेच्या बेडीत सुरावटी पुऱ्या करता येतील, असं हसू नाही आणता येत.

तरी एक पुस्तक त्यानं शेवटी बाहेर काढलंच. 'द ग्लिम्प्सेस ऑफ द मून' १९७७ साली आली. आधीच्या कादंबरीनंतर तब्बल सव्वीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७८मध्ये, छप्पन्न वर्षांचा होऊन तो गेला. या कादंबरीतही डेव्हनचं खेडं आहे आणि मुंडकं उडवलेलं प्रेत आहे. फेन रजा घेऊन आधुनिक कादंबरीवर ग्रंथ लिहायला बसलाय. आणि शेजारी राहतो ब्रॉडरिक थाउलेस नावाचा एक चित्रपट-संगीतकार. त्याला गोड, हलकंफुलकं संगीत रचायचं असतं. निर्माते मात्र त्याच्याकडे फक्त भुताखेतांचे चित्रपट घेऊन येतात.