दारातलं झाड कुणाचं?

झाशीहून बोलतोय. आज लढाया बाजूला ठेवू आणि लाकडाबद्दल बोलू.

आमच्याकडे अंगणातलं किंवा बांधावरचं जुनं शीशम पाडायची वेळ आली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, विकू नका, कापून आणा, पलंग करू. (हे शीशम म्हणजे महाराष्ट्रातलं शिसव नव्हे. दोघं भाऊबंद, पण शिसवाचं लाकूड जास्त काळपट.) इथून पुढे कागद सुरू होतात. ठरावीक जातींचं झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं, तरी १९७६ च्या उत्तर प्रदेशच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ओंडके न्यायला पास लागतो. आरा मशीन, म्हणजे आपली सॉ मिल, तिला १९७८ च्या नियमांखालचा परवाना लागतो. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. माणूस वैतागून विचारतो, झाड माझं की सरकारचं?

हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं एक उत्तर चक्क मराठीत लिहिलेलं आहे. ते ‘आज्ञापत्रा’त सापडतं. परंपरेनं हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, काळ साधारण १७१५-१६. त्यातला झाडांचा मजकूर मोबाइलवर ‘शिवाजी महाराजांचं पत्र’ म्हणून फिरतो. ते पत्र नव्हे. महाराजांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. पण महाराजांची रीत पुढच्यांना सांगावी म्हणूनच हा ग्रंथ लिहिला, त्यामुळे विचार त्यांच्या परंपरेतला म्हणायला हरकत नाही.

विषय आरमाराचा आहे. गलबतांना फळ्या हव्यात, डोलकाठ्या हव्यात. अमात्य सांगतात, रानातला साग परवानगी घेऊन तोडा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं आहे, पण त्याला हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण, निरुपयोगी झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडा. जबरदस्ती बिलकूल नको.

मी आयुष्यभर लष्करी हुकूम वाचले. युद्धसामग्री हवी असताना मालकाची संमती मागणारा हुकूम फार क्वचित दिसतो. शिवाय यात धंद्याचं शहाणपणही आहे. फळीला खरा गाभा लागतो आणि तो जुन्या झाडातच भरतो. कोवळ्या झाडात बाहेरचं फिकट लाकूड जास्त, आणि किडा आधी तेच खातो.

आता शंभरेक वर्षं पुढे आणि खाली मलबारात चला. इंग्रजांच्या नौदलाला ओक कमी पडू लागला होता आणि सागाची जहाजं टिकतात हे मुंबईच्या गोदीत वाडियांनी दाखवून दिलं होतं. १८०६ मध्ये कंपनीनं मलबारात कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे काँझर्व्हेटर नेमलं. पुढच्याच वर्षी जाहीर झालं, की सागावर हक्क कंपनीचा. म्हणजे मालकाच्या रानातला साग मालकालाच तोडता येईना. जमीनदार, व्यापारी, शेतकरी सगळेच चिडले. अखेर मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२३ मध्ये हे पदच मोडीत काढलं. मधल्या काळात, १८१७ मध्ये, मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईत बांधून झाली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते.

इथे कुणाला वाटेल, मन्रो आले आणि सगळं छान झालं. तसं झालं नाही. मोकळीक मिळताच व्यापाऱ्यांनी एवढा साग तोडला, की १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली यांना नीलांबूरला मुद्दाम सागाची लागवड करावी लागली. म्हणून मालकाला मोकळं सोडलं की सारं ठीक, असंही मी म्हणणार नाही. अमात्यांची मधली वाट दोघांनाही सुचली नाही.

आपल्या मुंबई इलाख्यातही तेच. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, पण साग, शिसव, चंदन अनेक ठिकाणी सरकारचं. १८७८ च्या जंगल कायद्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेनं आवाज उठवला. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले. त्यांचा राग मुख्यतः गुरांच्या चराईवरून होता. ठाणे-कुलाब्यात ओरड एवढी वाढली, की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९२७ चा कायदा आला आणि तो अजून चालू आहे. त्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तोही २०१७ मध्ये.

शीशमाला मात्र कागद लागतो, तेव्हा झाड पाडायच्या आधी वनखात्यात अर्ज टाका. पूर्वी एक करवत्या ओंडक्यावर, दुसरा खाली, भुसा खालच्याच्या डोळ्यांत, असं दिवसच्या दिवस चालायचं. आता मशीनवर तासाभरात फळ्या पडतात. वाळण्याचा वेळ मात्र तोच राहिलाय, ढोबळमानानं इंचाला एक वर्ष. झाशीची मे महिन्यातली लू ओली फळी टोकापासून उभी चिरते. म्हणून टोकांना घट्ट रंग फासा, मध्ये पट्ट्या घालून फळ्या सावलीत रचा आणि सुताराला पुढच्या वर्षीच बोलवा.